अप्पाच्या खानावळीतली दोन ताटं

अवं, ऐकलं का,

जन्मभर याच हाकेवर तू वळून पाहिलंस, म्हणून आजही तीच. तुझं नाव तोंडाने घ्यायची आपल्यात रीत नाही. आता एकाएकी घ्यायला लागलो तर तूच म्हणशील, बुढा चळला.

काल तुझी तेरवी आटोपली. पाहुणे पांगले. तुझा भाऊ आज सकाळी गाडी जुंपून किन्हीराजाला गेला. जाताना गळ्यात पडून रडला आणि आपली छत्री इथेच विसरला. आपला सदा मोटेवर आहे. सून चुलीशी आहे. आपली लेक गोदी परसात भांडी घासते आहे आणि तुझ्यासारखीच आदळते आहे. मी ओट्यावर बसलो आहे. दमलो आहे. रडून दमलो म्हणावं तर तसा मी रडलोही नाही फारसा. माणसांना उत्तरं देऊन दमलो. जो येतो तो एकच बोलतो, "नशीबवान बाई! कुंकवासंग गेली." मी मान हलवतो. तुझं नशीब तुला लाभलं, त्यातलं उरलंसुरलं माझ्याकडे राहिलं, ते कुठे ठेवायचं हे कोणी सांगत नाही.

मराठी चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, पोथी वाचण्यापलीकडे अक्षराशी संबंध उरला नाही. पण हे लिहायला घेतलं, कारण आपला तो वाद अजून मिटलेला नाही. आणि दुसरं असं की दहाव्याला नदीवर जे झालं ते तुला सांगायचं आहे. तिथे बायका नव्हत्या, आणि जे गडी होते त्यांनी घरी येऊन भलतंच सांगितलं.

वाद सुरू झाला अप्पाच्या खानावळीत. लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा रॉकेलही मिळायचं आणि मोटारी पेट्रोलवर चालायच्या. आता कोळशाची भट्टी पाठीवर बांधून धुरकटत येतात तशा नाही. आपण बाजाराला वाशीमला गेलो होतो. मी गाडी हाकायची, तू वांगी विकायची, हे ठरलेलं. मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. तू मात्र वांगं असं हातावर घ्यायचीस, जसं काही पाहुण्याचं लेकरू मांडीवर घेतलं. "लोण्यावानी हाये बाई, चुलीवर ठेवलं का इरघळलं! मी सोता रोज खाते, पाहा माह्याकडे!" बायका तुझ्याकडे पाहायच्या आणि वांगी घ्यायच्या.

त्या दिवशी वांगी दुपारच्या आतच खपली, पण निघताना गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली. लोहार म्हणाला, दिवस कलेपर्यंत बसा. बसलो. भूक लागली म्हणून तू शिदोरी काढायला गेलीस आणि तिथेच कपाळाला हात लावून उभी राहिलीस. बाळ्याने, आपल्या त्या डाव्या बैलाने, फडकं चावून चावून भाकरी फस्त केल्या होत्या. मिरचीचा ठेचा तेवढा ठेवला होता. बैल असून शहाणा.

मी हसलो. तू नाही हसलीस. पहाटेपासून तुझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि ते तू बोलणार नव्हतीस. तुझी सवय मला ठाऊक होती. भूक लागली की तू बोलायची थांबायचीस आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायचीस. लोहाराच्या भात्याकडे पाहत तू ते टोक गुंडाळत बसली होतीस. दिवस कलला, चाक झालं, घर दोन कोस लांब. मी म्हणालो, "चाल, अप्पाच्या खानावळीत जेवू."

"कोन?"

"आपन. दोघं."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुला तमाशाला चल म्हणालो. नवरा-बायकोने मिळून खानावळीत जेवायचं? घरात चूल असताना? बाजारातली ओळखीची माणसं काय म्हणतील? आपल्या गावात तर आधी कोणी असलं केलेलं ऐकिवात नव्हतं. पण मोटार-स्टँडवरच्या अप्पाला आपलीच भाजी जायची. भला माणूस, लिंगायत वाणी. नुकताच त्याने चिटाच्या कापडाचा पडदा लावून बायामाणसांना बसायला आडोसा केला होता आणि येता-जाता मला सांगायचा, घरच्यांना आणा एकदा. मी तेच पुढे केलं. तू म्हणालीस, "त मी पडद्याआड बसते, तुमी भायेर जेवा."

तिथे गेल्यावर अप्पाही तेच म्हणाला. गडी बाहेर, बाया आत. मी म्हटलं, "आत दुसरी बाई हाये का कोनी?" नव्हती. "मंग मी माह्याच बायकोपाशी बसून राह्यलो, कोनाचं काय जाते?" अप्पाने डोकं खाजवलं आणि पडदा वर धरला.

आत एक टेबल आणि दोन बाजूंना दोन बाकडी. तू बाकड्यावर पाय वर घेऊन मांडी घालून बसलीस. पाय खाली सोडून जेवलं तर घास पायात उतरतो, म्हणालीस. अप्पाने दोन ताटं आणली. भाकरी, वांग्याची भाजी, वरण, भात, वाटीत कढी. दोन्ही ताटं एकाच वेळी आपल्या दोघांच्या पुढ्यात ठेवली आणि गेला.

आणि तू हात मांडीवर ठेवून बसून राहिलीस.

"जेव ना."

"तुमी जेवा."

"दोन ताटं हायेत अवं. घरच्यावानी एकच थोडी हाये!"

"असू द्या. तुमचं होऊ द्या."

"इथं कोन पाह्यते?"

"मी पाह्यते ना," तू म्हणालीस.

आपल्या घरात काय, सगळ्या गावातच गडी आधी जेवणार, मग त्याच ताटात बायको. माझी आई तशीच जेवली, तिची सासू तशीच जेवली. तू लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून मी जेवून उठायचो, हात धुवायचो, बाहेर जायचो, आणि आत तू माझ्या ताटावर बसायचीस. ताटात बायकोसाठी काहीतरी राखायचं हीसुद्धा रीत. मी रोज वांग्याची एक फोड राखायचो. चांगली, मसाल्याची, देठाजवळची. मला वाटायचं, मी मायाळू नवरा आहे.

अप्पा डोकावला. "बाई, उपास हाये का?" तू मानेनेच नाही म्हणालीस. तुझ्या ताटातली भाकरी गार होऊन राहिली होती आणि तुझा पदर बोटाला गुंडाळला जात होता. मला राग आला. तुझा नव्हे, कुणाचा ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी भराभरा जेवलो. चव लागली नाही. भाकरी संपवली, वरण-भात संपवला, आणि सवयीने वांग्याची फोड ताटात राखून हात आखडला. तेव्हा तू काय केलंस? तुझं भरलेलं ताट बाजूला सारलंस आणि माझं उष्टं ताट पुढे ओढलंस. त्यातच स्वतःची भाकरी घेतलीस.

"हे कायले? तुव्हं ताट हाये ना!"

"त्यातलं घिऊन राह्यले ना," म्हणालीस, आणि भिंतीकडे अर्धी वळून जेवायला लागलीस.

मी उठायला हवं होतं. घरी मी उठलोच असतो. पण पडद्याबाहेर बाजारातली माणसं चहा पीत बसली होती, आणि तुला तिथे एकटी सोडून मी जाणार कुठे? म्हणून बसून राहिलो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी तुला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. आपलं पोरगं तेव्हा मिसरूड फुटायला आलं होतं. तुझं बाळंतपण पाहिलं, तुझं आजारपण पाहिलं, विहिरीवर तू मोट धरलेली पाहिली. जेवताना मात्र नाही. तू लहान घास घेत होतीस आणि फार लवकर चावत होतीस, कोणीतरी बोलवेल म्हणून घाई असल्यासारखी. कढी वाटीनेच प्यायलीस. भाकरी मोडताना वरचा पापुद्रा आधी सोडवून बाजूला ठेवलास. हे सगळं मी चोरून पाहिल्यासारखं पाहिलं. अवं, तुला सांगतो, लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही मी तुला इतकं पाहिलं नव्हतं.

मग तू वांग्याच्या फोडीशी आलीस. डोळे मिटून ती तोंडात टाकलीस आणि वरून पेलाभर पाणी प्यायलीस. काढा घ्यावा तशी.

"तिखट लागलं का?"

"नाई."

"मंग?"

तू पेला खाली ठेवलास. मग भिंतीकडे पाहूनच म्हणालीस, "मले वांगं नाई आवडत."

वांग्याच्या मळेवाल्याची बायको! जिचं बोलणं ऐकून अर्धं वाशीम वांगी घेऊन जायचं ती! "मंग रोज खाते कशी? मी त रोज राखतो तुह्यासाठी!"

"तुमी राखता म्हून त खाते," तू म्हणालीस.

इतक्या वर्षांची माझी माया तू पाण्याबरोबर गिळत होतीस. मी विचारलं, "मंग तुले आवडते तरी काय?" तू विचारात पडलीस. खरोखर पडलीस. हे तुला कोणी कधी विचारलं नसावं. तुझ्या माहेरी विचारलं असलं तरी तू विसरून गेली असशील. मग त्या बाजूला ठेवलेल्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणालीस, "हा भाकरीचा पापुद्रा. कडक अस्ते थो." तो पापुद्रा घरी रोज मी सगळ्यांत आधी खायचो, ताटात कधी उरायचाच नाही.

परत येताना गाडीत तू मला शपथ घातलीस. "कोनाले सांगू नोका. वांगेवालीले वांगं आवडत नाई म्हनलं त बजारात कोन घेईन आपली वांगी?" मी शपथ घेतली, आणि तिथेच आपला वाद पेटला. मी म्हणालो, आता घरीही दोघं मिळून जेवू. तू म्हणालीस, सुना येतील उद्या, त्यांनी काय शिकावं? मी म्हणालो, मग एकदा तरी, एक डाव, तू माझ्या आधी जेव. मी राहीन उपाशी, मी खाईन तुझ्या ताटात. तू कानावर हात ठेवलेस. मी हटलो नाही. शेवटी तू हसलीस आणि म्हणालीस, "बरं बाप्पा! तुमच्या आदी मरन, तवा तुमच्या आदी जेवीन. मंग त झालं?"

मी बैलांना उगीच हाक घातली. असलं बोलणं मला आवडत नाही हे तुला ठाऊक होतं.

त्यानंतर मी रोज ताटात पापुद्रा राखायला लागलो. घरात कोणाला कळलं नाही. वाढताना तू माझ्याकडे बघायचीस, तेवढंच. पण पोरांसमोर, सुनेसमोर, कोणी वांगं वाढलं की तू निमूट खायचीस, आणि लोक म्हणायचे, हिला वांग्याचं भारी वेड. मी दर सणाला तोच विषय काढायचो, एक डाव आधी जेव. तू दर सणाला तेच म्हणायचीस. पुढे पुढे तो आपला खेळच झाला. पण माझ्यासाठी तो खेळ नव्हता. मला खरंच पाहायचं होतं, भुकेल्या पोटी बसून, की तू माझ्या आधी जेवतेस आणि आभाळ कोसळत नाही.

शेवटच्या तापातही तू ऐकलं नाहीस. अन्न सुटलं होतं. मी वाटीत पेज घेऊन बसलो तर तू पहिलं विचारलंस, "तुमी जेवले?" मी हो म्हणालो. तू माझा हात नाकाशी नेलास, त्याला भाजीचा वास नव्हता, आणि तोंड मिटून घेतलंस. अंगात उठून बसायचा जीव नव्हता, पण नवऱ्याची लबाडी धरायला मात्र होता. मग मी तुझ्यादेखत कोरडी भाकरी चावली तेव्हा कुठे तू दोन चमचे पेज घेतलीस. मला तुझा फार राग आला होता तेव्हा. आता येत नाही. आता राग धरून ठेवायलाही त्राण लागतं.

तर दहावा. सकाळीच सुनेने डबा भरला. पिंडाशेजारी ठेवायला तुझ्या आवडीचं म्हणून डोळे पुसत पुसत तिने भरलं वांगं केलं होतं, अख्खं, देठासकट. "आत्याबाईले लय आवडे," म्हणाली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. शपथ होती.

नदीवर सदाने पिंड मांडले. पत्रावळीवर भाकरी, कढी, भात, आणि मधोमध ते वांगं, तेलात चमकत. आम्ही सगळे मागे सरून बसलो. बाभळीवर कावळे पुष्कळ होते. एक खाली उतरला, दोन उड्या मारत आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत फांदीवर जाऊन बसला. दुसऱ्याने तेवढंही केलं नाही. ऊन चढायला लागलं. गडीमाणसं एकमेकांकडे बघायला लागली. बाईचा जीव कशात अडकला, हाच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडावर होता. सदा हात जोडून म्हणाला, "माय, मळा ईकनार नाई मी." कावळे हलले नाहीत. तुझा भाऊ पुढे आला, "बाई, गोदीची काळजी करू नोको. तिचं लगन मी लावून देईन." कावळे हलले नाहीत. सदाचं तोंड एवढंसं झालं. आईचा पिंड पडून राहिला तर पोराने जन्मभर तोंड कसं दाखवायचं? भटजी माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्या मनात काही असेल तर बोला.

माझ्या मनात काय होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं. मी उठलो. पत्रावळीपाशी जाऊन बसलो. ते वांगं उचललं आणि खाल्लं.

एकच गलका झाला. भटजी "अहो, अहो!" करत राहिले. तुझ्या भावाने दंड धरला, "भाऊजी, डोस्कं फिरलं का तुमचं? बाईचा घास हाये थो!" मी चावत राहिलो. वांगं चांगलं झालं होतं, आपल्याच मळ्यातलं. मग भाकरीचा खालचा तुकडा मोडला, कढीत बुडवला आणि तोही खाल्ला. वरचा पापुद्रा सोडवून मधोमध ठेवला. "भूक लागली होती," एवढंच म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मी परत जागेवर येऊन नीट बसलोही नव्हतो. कावळा उतरला, पिंडाला चोच लावली, आणि तो पापुद्रा उचलून बाभळीवर गेला.

सदा ढसाढसा रडला. तुझा भाऊ सगळ्यांना सांगत सुटला, बाईचा जीव गोदीपायी अडला होता, मी शब्द दिला आणि शिवला कावळा. घरी येऊन बायकांनाही तेच सांगितलं. मी काही बोललो नाही. एवढ्या लोकांदेखत बोललाय, आता लग्न लावून द्यावंच लागेल त्याला. माझ्याबद्दल मात्र गावात बोललं जातं की बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं ठिकाणावर नाही, पिंडावरचं खातो. बोलू देत.

पण तू मला सांग. अडली होतीस ती कशापायी? पत्रावळीवर वांगं होतं म्हणून, की मी जेवलो नव्हतो म्हणून? मी सारखा हाच विचार करतो आहे. वांग्यापायी असेल तर बरंच झालं, जन्मात एकदा तरी नको ते तू नको म्हणालीस. आणि मी जेवलो नव्हतो म्हणून थांबली असशील तर मग काय म्हणू तुला? मेल्यावर आधी जेवीन, हा तुझाच शब्द होता. तेवढा एक तरी पाळायचास. मी पहाटेपासून उपाशी बसलो होतो अवं, त्यासाठीच बसलो होतो. आता तू सांगणार नाहीस आणि मला कळायची सोय नाही. वाद आहे तसाच राहिला.

सून हाक मारते आहे. ताट वाढलं आहे, वांगंच असणार, दुसरं आहे काय मळ्यात. सगळं खाईन. पापुद्रा ताटात राहतोच, हाताला अजून समजत नाही. सून रोज ताट उचलते, त्याच्याकडे बघते आणि काही विचारत नाही. पोर गुणाची आहे. उद्या तिला सांगेन म्हणतो, सदासोबत बसून जेवत जा, आणि काय आवडत नाही ते आत्ताच सांगून टाक.

बरं, उठतो. जेवतो मी आधी. तू ये सावकाश.